कंपनी म्हणजे नक्की कोण?

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांमध्ये सगळ्यात जास्त ओव्हरटाइम करणारा शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर मी 'कंपनी'ला मत देईन. "मुलगा काय करतो?" "कंपनीत आहे." एवढ्यावर लग्नाच्या बोलणीतला पहिला प्रश्न मिटतो. कुठली कंपनी, काय काम, हे नंतर. गाडीचा हॉर्न 'कंपनी फिटेड' असला की तो भरवशाचा, बाहेरून बसवलेला असला की त्याच्यावर संशय. दुकानदार एक शर्ट पुढे सरकवत "हा कंपनीचा आहे" म्हणतो, म्हणजे शेजारचा दोनशे रुपयांनी स्वस्त असलेला शर्ट कुणाचाच नाही. एकट्यानं चहा प्यायचा कंटाळा आला की आपण मित्राला म्हणतो, "चल, कंपनी दे." सैन्यात कंपनी असते, तिचा कमांडर असतो. मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्येही कंपनी होती आणि तिच्यावर त्याच नावाचा सिनेमा २००२मध्ये आला. आजोबांच्या पिढीला 'कंपनी' म्हटलं की नाटक कंपनी आठवायची. त्यांच्या आजोबांच्या आजोबांना विचारलं असतं, तर कंपनी म्हणजे सरकार.

नोकरी, ब्रँड, सोबत, फौज, टोळी, नाटक आणि सरकार. एकच शब्द. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे एकाच नावाचं व्हेरिएबल सात ठिकाणी सात अर्थांनी वापरलेलं दिसलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. शिवाय हा नुसता डिक्शनरीचा खेळ नाही. पगार कंपनी देते, कामावरून कंपनी काढते, जमीन कंपनी घेते, नदीत सांडपाणी कंपनी सोडते. पण काही बिघडलं आणि जाब विचारायला गेलं, की ही कंपनी नेमकी कोण, हे सापडत नाही. म्हणून या शब्दाचा प्रवास बघायला हवा.

पावाचं नातं

सुरुवात खाण्यापासून होते. इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कंपानिओ' असा शब्द आहे. 'कुम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. ज्याच्यासोबत आपण भाकरी खातो तो कंपानिओ. लॅटिनमध्येही हा शब्द बहुधा जर्मानिक टोळ्यांच्या बोलीवरून घडवला गेला. गॉथिक भाषेत सोबत्याला 'गाहलाइबा' म्हणत आणि त्याचाही अर्थ तोच, एका भाकरीतले. म्हणजे एका ताटात जेवणारे सैनिक हे या शब्दाचे पहिले मालक. सैन्यातली 'कंपनी' ही पुढे कुणी जोडलेली शाखा नाही, ती खोडाच्याच जवळची आहे.

आता यातली गंमत अशी की 'पानिस'चं पोर्तुगीजमध्ये 'पांव' झालं. पोर्तुगीजांबरोबर तो शब्द गोव्यात उतरला आणि तिथून कोकणी-मराठीत आपला 'पाव' झाला. म्हणजे 'कंपनी'च्या पोटातला 'पन' आणि वडापावातला 'पाव' हे सख्खे भाऊ आहेत. एक इंग्रजांच्या जहाजातून आला, दुसरा पोर्तुगीजांच्या. ऑफिसबाहेरच्या गाडीवर वडापाव खाणारा आयटीवाला एकाच मूळ शब्दाचे दोन तुकडे सांभाळत उभा असतो.

मध्ययुगात इटलीतल्या व्यापारी घराण्यांनी हा शब्द धंद्यात आणला. फ्लॉरेन्समध्ये 'कंपान्या' म्हणजे बाप, मुलगे, भाऊ, चुलते आणि काही बाहेरचे भागीदार यांची मिळून चालणारी पेढी. एका चुलीवर जेवणारे लोक एका वहीत धंदा करत होते. त्यातला महत्त्वाचा नियम असा, की पेढी बुडाली तर प्रत्येक भागीदार बुडायचा. कर्ज फेडायला त्याचं घर, शेत, दागिने, सगळं जायचं. चौदाव्या शतकात बार्दी आणि पेरुझ्झी या फ्लॉरेन्समधल्या दोन अवाढव्य पेढ्या होत्या. त्यांनी इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला प्रचंड कर्जं दिली होती. ती थकली, बाकीचेही व्यवहार फसले आणि १३४०च्या दशकात दोन्ही पेढ्या कोसळल्या. त्या काळी 'कंपनी म्हणजे कोण?' हा प्रश्नच नव्हता. पेढीवर ज्यांची नावं होती, ती माणसं म्हणजे कंपनी.

राजापूरचे कैदी

३१ डिसेंबर १६०० रोजी इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीनं लंडनच्या काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडच्या व्यापाराची सनद दिली. सनदेतलं नाव लांबलचक होतं, 'ईस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांचे गव्हर्नर आणि कंपनी'. इथे 'कंपनी' म्हणजे अजूनही माणसांचा जमावच. सुरुवातीला प्रत्येक सफरीसाठी वेगळी वर्गणी गोळा व्हायची. जहाज परतलं की मिरी-लवंगा विकून नफा वाटायचा आणि हिशेब बंद. १६५७मध्ये भांडवल कायमचं झालं. आता सफर संपली तरी कंपनी संपत नव्हती. भागधारक मरत, भाग विकत, नवे येत, कंपनी मात्र चालूच. एका चुलीवरचे लोक ही कल्पना इथे मागे पडायला लागली. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले लोक एका कंपनीत असू शकत होते.

आणि नेमक्या याच सुमारास ही कंपनी महाराष्ट्राच्या इतिहासात एका विचित्र प्रसंगात भेटते. १६६०मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला होता, शिवाजी महाराज आत अडकले होते. तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन आपल्या काही सहकाऱ्यांसह तोफगोळे घेऊन वेढ्यात सामील झाला. किल्ल्यावर गोळे टाकताना त्यांनी इंग्रजांचं निशाणही फडकवलं. महाराज वेढ्यातून निसटले. १६६१मध्ये त्यांनी राजापूरवर स्वारी केली, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट तिथल्या इंग्रजांना कैद केलं. पुढची सुमारे दोन वर्षं ते किल्ल्यात डांबलेले होते.

कैद्यांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांना पत्रं लिहिली. आपल्याला सोडवायला कंपनी काहीच करत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मार्च १६६२मध्ये सुरतेहून त्यांना उत्तर गेलं. त्याचा मथितार्थ असा, की तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हालाच ठाऊक आहे. कंपनीच्या मालाचं रक्षण करताना नव्हे, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचं म्हणून ओळखलं जाणारं निशाण लावून गोळे टाकल्यामुळे.

हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकदम ओळखीचं वाटलं. कंपनीचा कर्मचारी कंपनीच्या नावानं काहीतरी करतो. फायदा झाला असता तर तो कंपनीचा झाला असता. अंगाशी आलं, तेव्हा ते त्याचं वैयक्तिक कृत्य ठरलं. महाराजांचा हिशेब साधा होता. निशाण तुमचं, माणसं तुमची, गोळे तुमचे, म्हणजे दोषही तुमचा. कंपनीचा हिशेब वेगळा होता. माणसांचं कृत्य त्यांचं स्वतःचं, पण राजापुरात लुटला गेलेला माल मात्र कंपनीचा. त्या मालाच्या भरपाईसाठी इंग्रजांनी पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. १६७४मध्ये हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आला, तेव्हा त्याच्या वाटाघाटींमध्येही राजापूरच्या भरपाईचा विषय होताच.

कुंपणी सरकार

१६६८मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजानं मुंबई बेट या कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं देऊन टाकलं. व्यापाऱ्यांची वर्गणीदार मंडळी आता एका बेटाची राज्यकर्ती झाली. हे नेमकं काय प्रकरण आहे, हे ओळखणारा मराठी माणूस म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. सुमारे १७१५च्या 'आज्ञापत्रा'त त्यांनी टोपीकरांबद्दल इशारा दिला आहे. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच वगैरे लोक सावकारीच करतात, पण ते इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्या पाठीशी राज्यं आहेत, त्यांना मुलुखाची हाव आहे आणि हातात गेलेली जागा ते सोडत नाहीत, असा त्याचा आशय. दुकान आणि राज्य यांची सीमारेषा या लोकांच्या बाबतीत पुसली गेली आहे, हे त्यांना दिसलं होतं.

पुढचं आपण शाळेत शिकलो आहोत. १७६५मध्ये कंपनीला बंगालच्या दिवाणीचे हक्क मिळाले, म्हणजे सारा वसूल करण्याचा अधिकार. पाचच वर्षांत तिथे भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जच्या अंदाजानुसार बंगालमधली जवळपास एक तृतीयांश माणसं त्यात गेली. लंडनमधल्या भागधारकांचा लाभांश त्या काळात कमी झाला नाही, उलट वाढला. त्यानंतर मात्र १७७२मध्ये कंपनी स्वतःच दिवाळखोरीच्या तोंडाशी आली आणि ब्रिटिश सरकारनं तिला १४ लाख पौंडांचं कर्ज देऊन वाचवलं. 'एवढी मोठी आहे की बुडू देता येत नाही' हा युक्तिवाद २००८च्या बँकांनी शोधलेला नाही.

१८१८मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा शेतकरी कंपनीला सारा भरू लागला. मराठी कागदपत्रांत आणि बोलण्यात तेव्हा 'कंपनी'चं 'कुंपणी' झालेलं दिसतं. कुंपणी सरकार, कुंपणी बहादूर. व्युत्पत्तीचा 'कुंपणा'शी काही संबंध नाही, जिभेनं केलेली ती सोय आहे. पण 'कुंपणानंच शेत खाल्लं' ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत हा उच्चार रुळावा, हे बरंच काही सांगून जातं.

याच्याही पुढची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८३३च्या कायद्यानं कंपनीचा व्यापार पूर्णपणे बंद केला. पण भागधारकांचं काय? त्यांना दरसाल साडेदहा टक्के लाभांश मिळत राहील, अशी हमी त्याच कायद्यानं दिली आणि तो पैसा हिंदुस्थानच्या महसुलातून यायचा होता. म्हणजे १८३३नंतरची ईस्ट इंडिया कंपनी काहीच विकत नव्हती, काहीच घेत नव्हती, पण नफा वाटत होती. १८५८मध्ये तिचं राज्य गेलं तरी लाभांश चालूच राहिला. १८७४मध्ये ती कायमची विसर्जित झाली, तेव्हा १०० पौंडांच्या भागामागे २०० पौंड देऊन भागधारकांचा निरोप घेतला गेला. साताऱ्याच्या किंवा नगरच्या ज्या शेतकऱ्यानं सारा भरला, त्याला लंडनमधला हा भागधारक कधी दिसला नाही. आणि भागधारकाला शेतकरी दिसायचं कारणच नव्हतं. एका भाकरीचे वाटेकरी मात्र ते होते. फक्त वाटा एकाच बाजूला जात होता.

मर्यादित म्हणजे काय मर्यादित?

आपल्याकडे कुठल्याही गावात फिरा, पाटीवर 'मर्यादित' किंवा 'मर्या.' दिसतं. सहकारी पतपेढी मर्यादित, साखर कारखाना मर्यादित. आमच्यासारख्यांच्या ऑफर लेटरवर 'प्रायव्हेट लिमिटेड' असतं. लहानपणी मला वाटायचं, की जागा मर्यादित असेल, किंवा सभासद. प्रत्यक्षात मर्यादित असते ती जबाबदारी. तुम्ही १०० रुपयांचा भाग घेतला आणि कंपनी कोट्यवधींचं कर्ज करून बुडाली, तर तुमचे फक्त ते १०० रुपये जातात. घराला हात लागत नाही.

ही सवलत फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये तिचा सर्वसाधारण कायदा १८५५चा. हिंदुस्थानात कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा १८५०मध्ये झाला आणि मर्यादित जबाबदारीची तरतूद १८५७मध्ये आली. ज्या वर्षी उत्तरेत लोक एका कंपनीविरुद्ध उठले होते, त्याच वर्षी नव्या प्रकारच्या कंपन्यांना दार उघडलं गेलं.

त्याचा फायदा झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १९०७मध्ये टाटांनी पोलाद कारखान्यासाठी आधी लंडनमध्ये भांडवल शोधलं, ते मिळालं नाही. मग हिंदुस्थानातल्या लोकांकडे मागितलं. सुमारे ८ हजार लोकांनी अवघ्या तीन आठवड्यांत ते उभं केलं. स्वदेशीचा जोर होताच. पण भाग घेतल्यानं आपलं घरदार धोक्यात येणार नाही, ही खात्री नसती तर एवढ्या अनोळखी लोकांनी एका जंगलातल्या भट्टीवर पैसे लावले असते का? मर्यादित जबाबदारी म्हणजे धाडसाला दिलेला विमा. प्रश्न एवढाच, की त्या विम्याचा हप्ता कोण भरतं?

याचं उत्तर लंडनमधल्या एका चपला-बुटांच्या धंद्यात सापडतं. ॲरन सालोमन चामड्याचे बूट बनवायचा. १८९२मध्ये त्यानं आपल्या धंद्याची कंपनी केली. कायद्याला किमान सात भागधारक हवे होते. त्यानं बायको आणि पाच मुलांच्या नावावर एकेक भाग ठेवला आणि उरलेले २०,००१ भाग स्वतःकडे. शिवाय कंपनीवर स्वतःचंच कर्जही तारण म्हणून चढवलं. वर्षभरात धंदा बसला. ज्यांनी उधारीवर माल दिला होता, त्यांच्या हाती काहीच लागेना. ते म्हणाले, ही कंपनी म्हणजे सालोमनच की, त्याच्याकडून वसूल करा. खालच्या दोन्ही न्यायालयांना ते पटलं. पण नोव्हेंबर १८९६मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल फिरवला. कागदपत्रं रीतसर असतील तर कंपनी ही सालोमनपेक्षा वेगळी व्यक्ती आहे. तिचं कर्ज तिचं, त्याचं नाही.

आजही भारतातल्या कायद्याच्या कॉलेजांत कंपनी कायद्याचा तास या निकालानं सुरू होतो. मला यात सुरतेच्या त्या पत्राचा पुढचा भाग दिसतो. तेव्हा कंपनी म्हणाली होती, की माणूस म्हणजे मी नाही. आता माणूस म्हणू शकत होता, की कंपनी म्हणजे मी नाही. दोघांच्या मधे एक रिकामी जागा तयार झाली. उधारीवाले नेमके त्या जागेत उभे होते.

मंडळी

गंमत म्हणजे इंग्रजीत हा शब्द माणसांपासून सुटत चालला होता, त्याच काळात मराठीनं त्याला पुन्हा माणसांत आणलं. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळी उभी राहिली. १९१३मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणेश बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पाटीवर 'मंडळी', लोकांच्या तोंडी 'कंपनी'. गंधर्व कंपनी आली, कंपनीचा मुक्काम मिरजेला आहे, पोरगा घरातून पळून कंपनीत गेला. 'कंपनी'साठी 'मंडळी'पेक्षा नेमका मराठी शब्द आजपर्यंत कुणी दिलेला नाही, असं माझं मत आहे. मंडळी म्हणजे माणसंच. मंडळी जेवायला बसतात.

आणि या कंपन्या खरोखरच एकत्र जेवायच्या. बिऱ्हाड गावोगाव फिरायचं, सोबत आचारी, भांडीकुंडी, लहान पोरं. मोठा नट आणि पडदा ओढणारा, यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक असायचा, पण चूल एक. जबाबदारीही जुन्या पद्धतीची होती. गंधर्व मंडळीवर मोठं कर्ज झालं तेव्हा ते बालगंधर्वांनी स्वतःच्या अंगावर घेतलं आणि खेळ करत करत फेडलं. 'कंपनीचं कर्ज, माझं नाही' असं म्हणायची सोयही नव्हती आणि त्यांना ते सुचलंही नसतं. अर्थात त्या पद्धतीत माणसं आयुष्यातून उठायची, हेही खरं. तिचं नुसतं कौतुक करण्यात अर्थ नाही.

त्याच दशकात मावळात 'कंपनी' हा शब्द वेगळ्याच स्वरात उच्चारला जात होता. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवायला टाटा कंपनी मुळशीला धरण बांधत होती. १८९४च्या भूसंपादन कायद्यात कंपन्यांसाठी जमीन घेण्याची स्वतंत्र तरतूदच होती. म्हणजे सरकारनं शेतकऱ्याची जमीन काढून घ्यायची आणि कंपनीला द्यायची. १९२१मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकारानं मावळे सत्याग्रहाला बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. धरण झालं, वीज मुंबईला गेली, जमिनी पाण्याखाली गेल्या. लक्षात घ्या, ही कंपनी परक्यांची नव्हती. पोलादासाठी ज्यांच्यावर लोकांनी विश्वासानं पैसे लावले होते, त्याच घराण्याची होती. 'आपली कंपनी' म्हणताना त्या 'आपली'त कोण कोण बसतं, हा प्रश्न मुळशीनं शंभर वर्षांपूर्वीच विचारून ठेवला आहे.

लांब गेलेला हात

एका कंपनीनं दुसरी कंपनी काढायची, दुसरीनं तिसरी, ही पुढची पायरी. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसं मेली, लाखोंना इजा झाली. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या भारतीय कंपनीचा होता. तिचे निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेतल्या मूळ कंपनीकडे होते. मूळ कंपनीचं म्हणणं, की भारतातली कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१मध्ये डाऊ केमिकलनं युनियन कार्बाइड विकत घेतली आणि सांगितलं, की जुनी जबाबदारी आमची नाही. २०१०मध्ये भोपाळच्या न्यायालयानं भारतीय कंपनी आणि तिचे सात अधिकारी यांना दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षांची. जामीनही लगेच मिळाला.

रेव्हिंग्टनला हाताला धरून कैदेत टाकता आलं, कारण राजापुरात तो समोर होता. बुटांच्या धंद्यातला सालोमन निदान ओळखीचा तरी होता. भोपाळच्या बस्तीतल्या बाईनं कुणाचा हात धरायचा? साखळीतली प्रत्येक कडी कायद्यानं खरीच होती. प्रत्येक कडी मागच्या कडीकडे बोट दाखवत होती.

कंपनीत असणं आणि कंपनीचं असणं

आता आपल्या काळात येऊ. मुंबईचा कामगार 'गिरणीत' जायचा. १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरी-चिंचवड, नाशिक, औरंगाबाद इथे वसाहती वाढल्या, तसा 'कंपनीत' हा शब्द कामगारांच्या घरात शिरला. कंपनीची बस, कंपनीचा डबा, कंपनीची दिवाळी.

माझा एक चुलतभाऊ आयटीआय करून अशाच एका वसाहतीत दहा वर्षं काम करतोय. तोही म्हणतो, "कंपनीत आहे." पण त्याच्या ओळखपत्रावर ज्या कंपनीचं गेट आहे, तिचं नाव नाही. ठेकेदाराचं आहे. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा ठेकेदार, तेच गेट, तेच मशीन. ब्रेकचं कारण त्यानं मला एका वाक्यात सांगितलं: "दोनशेचाळीस दिवस भरू द्यायचे नसतात." औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराला सलग नोकरीचं संरक्षण होतं. तिथपर्यंत आकडा पोचूच द्यायचा नाही, एवढंच कौशल्य.

आमच्या काचेच्या इमारतींत हे जरा सभ्यपणे होतं. गळ्यातल्या पट्ट्यांचे रंग वेगळे असतात. एक रंग एम्प्लॉयीचा, दुसरा व्हेंडरकडून आलेल्याचा, तिसरा हाउसकीपिंगचा. एकाच टीममध्ये शेजारी बसून एकच बग सोडवणारे दोघे दोन वेगळ्या कंपन्यांचे असतात. 'आपण एक फॅमिली आहोत' हा ईमेल मात्र सगळ्यांना येतो. ज्या आठवड्यात काही जणांना कमी केलं जातं, त्या आठवड्यात त्याच ईमेलमध्ये 'कंपनीला हा कठीण निर्णय घ्यावा लागला' असं वाक्य असतं. वाक्याचा कर्ता बघा. माणूस नाही. कंपनी.

भाकरीचं काय झालं? ती कायद्यात टिकून राहिली. १९४८च्या कारखाने कायद्यात २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन असलंच पाहिजे, अशी तरतूद होती. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यानं कंत्राटी माणसांसाठीही कॅन्टीनची अट घातली. ज्यांनी हे लिहिलं, त्यांनी लॅटिन व्युत्पत्ती पाहिली असेल असं मला वाटत नाही. पण कंपनीत कोण आहे आणि कोण नाही, हे जेवणाच्या जागेवरून कळतं, एवढं त्यांना माहीत असावं. आजही कुठल्याही मोठ्या ऑफिसात दुपारी एक वाजता जिन्यात एक चक्कर मारा. सफाईवाल्या मावशी आणि सिक्युरिटीचे दादा डबे उघडून कुठे बसले आहेत ते बघा. कंपनीची खरी यादी एचआरच्या सिस्टीमपेक्षा तिथे जास्त स्पष्ट वाचता येते.

या शब्दाची दोन टोकं अलीकडच्या भारतीय कायद्यात एकाच वेळी दिसतात. २०१३च्या कंपनी कायद्यानं 'एका व्यक्तीची कंपनी' मान्य केली. शब्दाच्या मुळाशी नेऊन वाचलं तर एकट्यानं एकत्र जेवणं. सालोमनला बायको-मुलांच्या नावाची निदान सोय करावी लागली होती, आता तीही नको. दुसरं टोक म्हणजे २००२च्या दुरुस्तीनं आलेली उत्पादक कंपनी. तिच्यात भागधारक शेतकरीच असतात आणि भाग कितीही असले तरी सर्वसाधारणपणे मत प्रत्येकाला एकच. नाशिकजवळची सह्याद्री फार्म्स ही याच प्रकारातली. ज्या शेतकऱ्याच्या पणजोबांनी कुंपणी सरकारला सारा भरला, तो आता स्वतः कंपनीचा सभासद म्हणून द्राक्षं युरोपला पाठवतो. सगळ्याच उत्पादक कंपन्या चालतात असं नाही, पण शब्द कुठल्या दिशेला वळवता येतो हे त्यातून दिसतं.

कंपनी ही कायद्यानं निर्माण केलेली व्यक्ती आहे, हे बदलणार नाही आणि बदलावं असंही मला वाटत नाही. तिच्याशिवाय पूल, औषधं, रेल्वे आणि माझा पगार उभा राहणं अवघड आहे. पण तिला व्यक्ती आपण सोयीसाठी केलं, हे विसरून चालत नाही. लाभांश वाटताना कंपनी म्हणजे भागधारक, कौतुक होताना कंपनी म्हणजे सीईओ, काम करून घेताना कंपनी म्हणजे आपण सगळे आणि जबाबदारी घ्यायची वेळ आली की कंपनी म्हणजे कागद, असं चारही बाजूंनी चालू देणं हा कायद्याचा नियम नाही, ती आपली सवय आहे. म्हणून पुढच्या वेळी कुणी सांगितलं, की "कंपनीनं ठरवलंय", तर एक साधा प्रश्न विचारायला हरकत नाही: कुणी?